आमच्या गावची शब्दबंदी

इतिहास शिकवावा तर मीच! मी प्रतापगड सुरू केला की मागं पेंगणारी पोरंसुद्धा पुढं सरकून बसतात. तेव्हा गावातलं भांडण इतिहासावरून पेटलंय म्हटल्यावर ते मिटवायला माझ्याइतका लायक माणूस अख्ख्या मुळशीत दुसरा कोण होता, तुम्हीच सांगा!

सत्तावन्न सालच्या निवडणुकीनं गावाचे दोन तुकडे केले होते. संयुक्त महाराष्ट्र समितीचे भिवाजी आणि काँग्रेसचे कोंडाजी, सख्खे चुलत भाऊ. सारा महाराष्ट्र मुंबईसाठी भांडत असताना कोंडाजी दिल्लीची बाजू घेतात, म्हणून भिवाजी त्यांना भर सभेत 'सूर्याजी पिसाळ' म्हणायचे. भाऊबंदांविरुद्ध उभे राहिले म्हणून कोंडाजी भिवाजींना 'घरभेदी' म्हणायचे. की झालीच धक्काबुक्की, मोडलीच सभा!

मोडेनात का, मला काय! पण शाळेचं छप्पर गळत होतं. सरकारनं चाळीस पत्रे मंजूर केले होते आणि सोमवारच्या सभेत ठराव झाला नाही, तर ते जाणार होते शेजारच्या नांदे गावाला! माझ्या पोरांनी आणखी एक पावसाळा डोक्यावर पोती घेऊन पाढे म्हणायचे? छे!

मी चावडीवर फळा टांगला. सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सभेत पुढील शब्दांस सक्त बंदी. १. सूर्याजी पिसाळ. २. फितूर. ३. गनीम. ४. शाहिस्तेखान. ५. घरभेदी.'

खरं तर भांडणात शब्द दोनच होते. मधले तीन मी पदरचे घातले. यादी जरा भरगच्च दिसायला नको?

मेंढरं घेऊन चाललेला बिरू थांबला. "मास्तर, ह्यो शाहिस्तेखान कोन म्हनायचा?"

मी हौसेनं तुटलेल्या बोटांसकट सगळं सांगितलं. संध्याकाळपर्यंत बिरूच्या बोकडाचं नाव शाहिस्तेखान झालं होतं आणि विहिरीवर बायका एकमेकींना 'ए गनिमे!' म्हणून हाका मारत होत्या.

सोमवार उजाडला. शाळेचा विषय म्हणून बायकाही सभेला आल्या. भिवाजी उठले, तोंड उघडलं, फळ्याकडं पाहिलं आणि शब्द गिळला! माझी छाती फुगली.

"कोंडाजी," भिवाजी म्हणाले, "तू एक नंबर हायेस!"

"आन् तू पाच नंबर!"

"तुज्या आज्यापास्नं तुमी समदे एक नंबर!"

"आरं येड्या, आजा एकच हाय आपला!"

सभा खो खो हसली. तेवढ्यात कोंडाजींच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, शेजारच्या पोरीला विचारलं, "एक नंबरला काय लिवलंय गं?"

पोरगी माझीच विद्यार्थिनी. खणखणीत वाचलं, "सूर्याजी पिसाळ!"

सगुणाबाई ताडकन उठल्या. "पिसाळ? माज्या म्हायेरचं नाव चावडीवर शिवी म्हनून टांगलं?"

माझ्या ध्यानीमनी नव्हतं हो!

"माजा बा साधा मानूस! गुडघं दुखत्यात म्हनून जल्मात गड चढला न्हाई, त्यो काय गड फितवनार? कुनी तरी कवा तरी काय केलं, आन् बोल आमाला? लई लागतंय वो जिवाला!"

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. भिवाजींची मान खाली गेली. "वैनी, चुकलं माजं. पर मी नुसतं बोलायचो, वाऱ्यावर जायाचं. ह्या मास्तरानं ते खडूनं लिवून ठिवलं!"

"आन् वर नंबर दिला, पयला!" कोंडाजी गरजले.

दोघे भाऊ दोन वर्षांत पहिल्यांदा खांद्याला खांदा लावून उभे राहिले. माझ्यासमोर!

तिथल्या तिथं ठराव झाला. मांडला भिवाजींनी, अनुमोदन कोंडाजींचं: पत्रे शाळेला घ्यावेत, मास्तरांनी मात्र यापुढं इतिहास शिकवू नये, त्या तासाला सूतकताई घ्यावी. एकमतानं मंजूर! गावातला खरा घरभेदी कोण, यावरही त्या दिवशी सगळ्यांचं एकमत झालं.

पत्रे आले. छप्पर ठणठणीत आहे, थेंब गळत नाही. त्याखाली बसून मी टकळी फिरवतो. पोरांचं सूत छान निघतं. माझंच मेलं सारखं तुटतं!