सरकती भिंत आणि लोरेनची चिली

वेंडेल क्राउसने मोटारघर घेतलं ते निव्वळ एका भिंतीपायी. बटण दाबलं की डावीकडची अख्खी भिंत, सोफा आणि फ्रीजसकट, तीन फूट बाहेर सरकायची आणि गाडीचा चक्क दिवाणखाना व्हायचा. नेब्रास्कातलं घर विकून कायमचं यातच राहायचं, असा त्याचा बेत. गिऱ्हाईकही तयार होतं. अडलं होतं ते फक्त बायकोच्या सहीवर.

"सोमवारी सांगते," लोरेन म्हणाली होती. "घर मोठं होतं म्हणून तुझ्याबरोबर एकेचाळीस वर्षं निघाली."

म्हणून अ‍ॅरिझोनातल्या मोटारघरांच्या वाळवंटी तळावर वेंडेल महिनाभर अगदी शहाण्यासारखा वागत होता. (हे त्याचं मत.) शनिवारी तळावर चिलीची, म्हणजे खिमा-बीन्सच्या तिखट रश्श्याची, स्पर्धा होती. लोरेन बाहेर मांडलेल्या शेगडीवर आपलं पातेलं ढवळत होती. वेंडेलने झाकण उचललं, बोट बुडवलं, चाटलं आणि दालचिनीचा डबा उघडला.

"खबरदार! तुझ्या त्या दालचिनीपायी अकरा वर्षं मी प्रत्येक स्पर्धेत शेवटून दुसरी येतेय. चालता हो इथून!"

बिचारा गाडीतल्या बाथरूममध्ये जाऊन बसला. खिडकीतून शेजारच्या ऑरिनचा आवाज येत होता. त्याची गाडी सव्वीस वर्षांची, भिंती जागच्या जागी.

"जागा ऐसपैस होते, कबूल," ऑरिन चारचौघांना सांगत होता. "पण मोटर रुसली की संपलं. भिंत ना आत, ना बाहेर. लिहून ठेवा, वेंडेलची अडकणार."

वेंडेलचा पारा चढला. त्याने बसल्या जागेवरून खिशातला रिमोट काढला आणि दाबला. भिंत लोण्यासारखी आत आली. बाहेर टाळ्या पडल्या. वेंडेल छाती फुगवून उठला आणि त्याने दार ढकललं. दार दोन बोटं उघडलं आणि सोफ्यावर आपटलं. भिंतीबरोबर सोफाही आत आला होता.

घाईघाईत त्याने पुन्हा रिमोट उचलला, तेवढ्यात पाय पडला फ्लशच्या पेडलवर. भांड्याच्या तळाची झडप उघडली, हातातला रिमोट निसटला आणि थेट खालच्या मैल्याच्या टाकीत गेला. पुढच्या सीटजवळचं बटण होतं, पण रिमोट असताना दोन-दोन कशाला, म्हणून त्याची वायर त्यानेच कापली होती.

"लोरेन!"

पाच मिनिटांत निम्मा तळ गोळा झाला. त्या तळावर कुणाची गाडी बिघडली की हत्यारं दोघं आणतात, सल्ले मात्र सगळेच. शेवटी ऑरिनच गाडीखाली शिरला आणि हँडल मारून भिंत बोटबोट बाहेर काढू लागला.

"भिंत अडकलेली नाही!" वेंडेल खिडकीतून ओरडला.

"बरोबर आहे! भिंत ठणठणीत आहे. मालक अडकलाय!"

दोन तासांनी दार उघडलं. समोर लोरेन उभी होती, छातीवर पहिल्या नंबरची निळी फीत. वेंडेलचं तोंड एवढंसं झालं.

"घर नाही ना विकायचं?"

"विकायचं. पेन दे."

वेंडेलला आकाश ठेंगणं झालं. "बघ! मी म्हणत नव्हतो, भिंत कामाची आहे?"

"फारच कामाची आहे," लोरेनने मनापासून कबूल केलं.

आता नवा रिमोट तिच्या गळ्यात असतो. चिलीला पहिली उकळी फुटली की ती गोड आवाजात विचारते, "वेंडेल, जरा बाथरूमला जाऊन येतोस का?"