कमलताईंची हजेरी

कमल कांबळे सभेची हजेरी घेतात तेव्हा मेलेल्या बायकाही उत्तर देतात.

"सुलोचना साळवी?" कमलताई विचारतात. क्षणभर थांबतात. मग त्यांच्याच तोंडून मिश्रीने खरवडलेला भलताच आवाज निघतो. आधी खोकला, मग शब्द. "हाय की. मेले म्हणून काय रजा मिळते काय?"

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं. आणखीही काही जण पाहत होते. मागे भिंत होती.

मी वर्तमानपत्रात काम करतो आणि नायगावच्या बीडीडी चाळीत कमलताईंच्याच मजल्यावर राहतो. मला त्या 'पेपर' म्हणतात. त्या कंत्राटी सफाई कामगार बायकांच्या संघटनेच्या अध्यक्ष. आयुष्यभर रस्ते झाडले, आता वॉर्ड ऑफिस झाडते, असं स्वतःच सांगतात. भूत मानत नाहीत. अंगात येणाऱ्या एका बाईला त्यांनी जिन्यात गाठून सुनावलं होतं, "देवीला सांग, आधी पगारी सुट्टी आण. मग काय घुमायचं ते घुम."

त्यांचा आवडता प्रश्न एकच. "तरतूद काय?" शेजारच्या लग्नात नवरदेवाने माइकवर जाहीर केलं की तो बायकोला घरकामात मदत करील. टाळ्या थांबल्यावर पहिल्या रांगेतून आवाज आला, "मदत? घर तुझं नाय काय? तरतूद काय ते सांग." नवरदेवाने भांडी कबूल केली. पोळ्यांवर चर्चा चालू आहे.

त्यांचं भांडण मात्र पाळणाघरासाठी होतं. झाडूवाल्या बायका भल्या पहाटे कामाला लागतात. तेव्हा मुलं कुठे ठेवायची? अर्थसंकल्पात त्यासाठी दरवर्षी नाममात्र तरतूद असे. म्हणजे कागदावर पाळणाघर जिवंत राही, जमिनीवर जन्माला येत नसे. आता चाळी पाडून टॉवर उभे राहत होते. टॉवरच्या नकाशात व्यायामशाळा होती, पाळणाघर नव्हतं. या वेळी नकाशात खोली आली नाही, तर पुढे कधीच येणार नव्हती.

वॉर्ड ऑफिसात या नकाशावर झालेल्या सुनावणीला मी बातमीदार म्हणून हजर होतो. साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, बजेट सगळ्यांचं असतं. त्यात बाई-पुरुष असं काही नसतं."

"रस्ता पण सगळ्यांचाच साहेब. पण झाडताना बाईचं पोर कुठं असतं, ते बजेटला माहीत हाय?"

"मागणी आहे म्हणता, पण बायका तर मोजक्याच आल्यात."

"बाकीच्या ड्युटीवर हायत. आणि काही वाट बघून बघून गेल्या. थांबा, हजेरी घेते."

कमलताई उभ्या राहिल्या. हातात कागद नव्हता. एकेक नाव घ्यायच्या, थांबायच्या आणि मग ती ती बाई बोलायची. कुणी बोबडी, कुणी दम लागलेली, कुणी हसरी. पहिल्या दोन-तीन आवाजांना लोक हसले. पुढे हसू विरत गेलं. साहेबांनी पंखा बंद करायला सांगितला. तो बंदच होता.

"सखू गावडे?"

"हयच आसंय मी. खय जातलंय?" मालवणी, किनरा, थकलेला आवाज. मग तोच आवाज हलकेच टेबलाकडे वळला. "जेवलंस काय रे, झिला?"

इतिवृत्त लिहिणारा गावडे क्लार्क ताडकन उठून उभा राहिला. "आये?" तो म्हणाला.

सखूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. गावडे याच चाळीत वाढला, हे मला नंतर कळलं. तो सावकाश खाली बसला. साहेब पाणी प्यायले आणि म्हणाले, "तळमजल्यावर खोली दाखवा. सांभाळणारी बाईही पगारी धरा. लिहा, गावडे."

बाहेर गावडेने कमलताईंना गाठलं. "ताई, परत एकदा बोला ना."

"आता नाय. ड्युटीवर गेली ती."

सुधारित नकाशा मंजूर झाला, तो माझ्या फोनवर आला. दुपारी कमलताईंना दाखवायला निघालो. चाळ पाडायची म्हणून मजला जवळपास रिकामा झाला होता. दारांना सील, कॉरिडॉरमध्ये कुणाचंच वाळत घातलेलं काही नाही. कमलताईंच्या खोलीतून मात्र बायकांची कुजबुज येत होती. सुलोचनाबाई खोकत होत्या. सखूबाई कुणाला तरी जेवायला बोलावत होत्या. मधेच एक लहान मुलीचा आवाज आला. हा हजेरीत कधी ऐकला नव्हता. "आई आली नाय अजून. मी नाय रडत."

दाराला बाहेरून कडी होती.

मी कडी काढली. आत कमलताई भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन एकट्याच बसल्या होत्या.

"कडी कोणी लावली?"

"खालची शेवंता लावते. मीच सांगितलंय. संध्याकाळी येऊन काढते." त्या जराही ओशाळल्या नाहीत. "आमची रंजू बारकी होती तेव्हा मी अशीच कडी लावून कामाला जायचे. सगळ्याच लावायच्या, करणार काय? परत आले की आतून बायकांचे आवाज. वाटायचं, पोरीजवळ कोणीतरी हाय. कडी काढली की एकटीच. सगळ्या शेजारणी ती तोंडानं करायची रे, पेपर. सोबतीला."

"म्हणजे हे आवाज..."

"तिचेच. मी दाराबाहेर उभी राहून शिकले."

रंजू आता बंगळूरला मोठ्या नोकरीत आहे. राहत्या घरातलं कुठलंच दार बंद करत नाही, असं कमलताई म्हणाल्या. फोन केला की कामात असते.

मी नकाशा दाखवला. त्यांनी पाळणाघराच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"ह्याला कडी आतून हाय ना?"

"नकाशात कडी दाखवत नाहीत, ताई."

"मग विचारून ठेव." त्या पुन्हा भिंतीला टेकल्या. "जा आता. जाताना कडी लाव."

मी उंबऱ्यावर घुटमळलो.

"लाव रे. तिची आई आली नाय अजून."

मी बाहेरून कडी लावली. जिन्यापर्यंत पोचलो, तेव्हा आत सुलोचना साळवी खोकल्या.