ढब्बू, मागे बघ!

"आवाजाचं माझ्यावर सोडा, साहेब! असा आवाज आणतो, की पायलट बेशुद्ध असला तरी उठून विमान सरळ करेल!"

भर बैठकीत टेबलावर मूठ आपटून गरुड हे बोलला. मूठ जरा जोरात बसली, मोठ्या साहेबांच्या कपातला चहा बशीत आला. पण साहेब खूश झाले. वायुदलात असा आत्मविश्वास त्यांना आवडायचा. त्याचं पुढे काय होतं, हे बघायला ते सहसा थांबत नसत.

'गरुड' हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. वायुदलात प्रत्येक पायलटला एक टोपणनाव चिकटतं, आणि ते दुसऱ्यांनी ठेवायचं असतं. गरुडने मात्र स्वतःचं स्वतःच ठेवलं होतं आणि कुणी आक्षेप घ्यायच्या आत हेल्मेटवर रंगवूनही घेतलं होतं. घरी त्याला ढब्बू म्हणत. ही गोष्ट वायुदलात कुणालाही ठाऊक नव्हती.

झालं होतं असं, की देशाने नवी बहुउद्देशीय लढाऊ विमानं घ्यायचं ठरवलं होतं. जुन्या विमानांची दशा बघवत नव्हती. त्यांना चालवणाऱ्या पोरांपेक्षा ती वयाने मोठी! एकाचं झाकण उडता उडता गळून कोबीच्या शेतात पडलं. दुसऱ्याचं इंजिन हवेतच बंद पडलं, आणि आतलं पोरगं छत्री उघडून उतरलं ते मोडका पाय घेऊनच. दवाखान्यात त्या पोराच्या उशाशी बसून गरुडने मनाशी ठरवलं होतं, की काही झालं तरी नवी विमानं आणायचीच. तूर्त कंपनीने एकच विमान चाचणीसाठी पाठवलं होतं. मंत्रीबाईंसमोर त्याचं प्रात्यक्षिक व्हायचं होतं. त्यांना पटलं तर बाकीची येणार. नाही तर पुन्हा आहेतच आपले कोबीचे शेतकरी.

"एकच विमान, पण सगळं करतं!" गरुड जेवताना बायकोला सांगत होता. "हवेत लढतं, जमिनीवर मारा करतं, टेहळणी करतं, दुसऱ्या विमानाला उडता उडता इंधनसुद्धा पाजतं!"

"म्हणजे माझ्यासारखंच," बायको म्हणाली. "फक्त मला कुणी धावपट्टी बांधून दिली नाही. ते ताट उचल."

अडचण एकच होती. जुन्या विमानात काही बिघडलं की लाल दिवा लागायचा, तोही लागला तर लागला. नवं विमान बोलायचं! पण बोलायचं परक्या भाषेत आणि नाकातून. पोरांना ऐन वेळी 'काय म्हणाली?' असं विचारावं लागायचं. म्हणून वरून हुकूम आला, की विमानाने आपल्या भाषेत बोलावं. आणि तो आवाज आणायची जबाबदारी गरुडने मूठ आपटून ओढवून घेतली होती.

आधी त्याने आणली रेडिओवरची निवेदिका. आवाज काय! मधात बुडवून काढलेला. सरावाच्या खोट्या कॉकपिटमध्ये पोरांना बसवलं, समोरच्या पडद्यावर डोंगर सोडले आणि आवाज लावला.

"वैमानिक महोदय, आपली उंची काहीशी कमी झाली आहे. कृपया..."

धाड! पहिला पोरगा डोंगरावर.

"अरे, झालं काय तुला?"

"साहेब, ती 'कृपया'पर्यंत पोचली, तोवर डोंगर पोचला."

दुसरा तर हसऱ्या चेहऱ्याने डोंगरात शिरला. तिसऱ्याने बाहेर आल्यावर विचारलं, "सर, बाईंचं लग्न झालंय का?"

गरुड डोकं धरून घरी निघाला. निघाला म्हणजे, ताई त्याला न्यायला आली होती.

ताई ही गरुडची थोरली बहीण. तिची स्वतःची मोटार ड्रायव्हिंग स्कूल होती. गावातल्या निम्म्या लोकांना गाडी तिने शिकवली होती आणि उरलेले निम्मे तिच्या गाडीला बघून फुटपाथवर चढत. गरुड आवाजाच्या दुप्पट वेगाने विमान उडवायचा, पण रस्त्यावरच्या गाडीत बसला की त्याचा पार भोपळा व्हायचा. ताईचं म्हणणं, वर रहदारी नसते म्हणून हे शूर. तेव्हा ती त्याला रोज येता-जाता शिकवत असे.

तर गरुड चाक धरून बसला होता. डोक्यात निवेदिका, डोंगर आणि मंत्रीबाई. समोरच्या चौकात सिग्नल लाल झाला, हे त्याला दिसलंच नाही.

"ढब्बू, ब्रेक!"

गाडी जागच्या जागी थांबली. गरुडने काही केलं नव्हतं. डोकं अजून डोंगरातच होतं. पाय मात्र परस्पर जाऊन आला होता!

गरुड ताईकडे बघतच राहिला.

"काय बघतोस? हिरवा झाला!"

"ताई," तो भारावून म्हणाला, "तू वायुदलात ये!"

"आधी गाडी हलव. मागचा शिव्या देतोय."

दुसऱ्या दिवशी ताई आकाशवाणीला जावं तशी इस्त्रीची साडी नेसून रेकॉर्डिंगच्या खोलीत हजर! काचेच्या आत ताई, बाहेर कंपनीचा परदेशी इंजिनिअर कानाला हेडफोन लावून. या गृहस्थाला आपल्या भाषेतला 'ठीक' एवढा एकच शब्द येत होता, आणि तो त्याने कधी वाया घालवला नाही. इशाऱ्यांची वाक्यं कागदावर छापलेली होती. ताईने चष्मा लावला आणि कवायतीला उभं राहिल्यासारखी वाचू लागली.

"उंची. कमी. आहे. उंची. वाढवा."

"ताई, असं नाही गं! पोरांना ओरडतेस तसं म्हण."

"कसं ओरडते मी?"

"अगं, ब्रेक वगैरे."

"हां, ते! ब्रेक! ब्रेक मार! मेल्या, झोपलास का? डावीकडे घे! तुझं डावं, माझं नाही! असं ना?"

"अस्संच! आता कागदावरचं म्हण."

"इंधन. कमी. आहे," ताई पुन्हा कवायतीत. मग काचेतून बाहेर बघत, "ढब्बू, पाय खाली! टेबलावर पाय काय टाकून बसलायस? खाली सोड आधी! आणि ढब्बू, मागे बघ! मागे! कप सांडतोय तो! सकाळपासून पोटात काही आहे की नाही तुझ्या? चेहरा बघ कसा उतरलाय."

"ठीक," इंजिनिअर म्हणाला.

रेकॉर्डिंग संपलं तेव्हा माइक मध्ये कुठेही बंद केला गेला नव्हता, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. इंजिनिअरने सगळं यंत्रात घातलं. यंत्राला भाषा कळत नव्हती, सूर कळत होता. ज्या वाक्यात जीव तोडून ओरडलंय, ते धोक्याच्या इशाऱ्याला जोडायचं, एवढं त्याला शिकवलेलं. यंत्राने कवायतीच्या वाक्यांतलं बिनधोक्याचं पहिलं तेवढं ठेवलं, उरलेली बाजूला टाकली आणि ओरडलेली चोख निवडली. गरुडने विमानात बसून त्यातलं फक्त पहिलं तपासलं. "विमान सज्ज आहे," ताई म्हणाली. गरुड म्हणाला, "वा!" आणि फोटोसाठी मान कुठल्या बाजूला चांगली दिसते ते ठरवायला आरशापुढे गेला.

प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला. मांडव, खुर्च्या, बँड. पहिल्या रांगेत मंत्रीबाई, त्यांच्या शेजारी मोठे साहेब. मागच्या रांगेत बायको आणि ताई. आणि मोठ्या साहेबांची खास कल्पना अशी, की कॉकपिटमधला आवाज पाहुण्यांनाही ऐकू यावा, म्हणून मैदानभर कर्णे लावलेले!

नव्या विमानात गरुड. त्याच्या मागावर जुनं विमान घेऊन 'काका'. काका हे वायुदलातले सगळ्यांत मुरलेले पायलट. त्यांना नवीन काही पटत नसे. "विमान बोलायला लागलं, की माणूस ऐकायला लागतो, आणि मग संपलं!" असं ते म्हणायचे. आज त्यांनी गरुडला मागून गाठायचं आणि गरुडने निसटून दाखवायचं, असा खेळ होता. गरुडने निसटायची एक झोकदार युक्ती महिनाभर घोटून ठेवली होती.

दोन्ही विमानं आभाळात चढली. काकांनी वेळ न दवडता आपलं म्हातारं विमान असं काही वळवलं, की गरुड युक्ती आठवेपर्यंत ते त्याच्या शेपटीला! नव्या विमानाच्या यंत्रांनी धोका ओळखला. मैदानभर कर्णे गरजले.

"ढब्बू, मागे बघ! मागे!"

मांडवात मंत्रीबाईंनी विचारलं, "ढब्बू म्हणजे?"

"सांकेतिक शब्द असेल," मोठे साहेब म्हणाले आणि घाम पुसू लागले.

वर गरुडला दरदरून घाम फुटला. पण मान आपोआप मागे वळली होती! मागे काका दिसले, अगदी हाताच्या अंतरावर. त्याने घाबरून विमान आडवं केलं. ते भलतंच कललं.

"मेल्या, झोपलास का? डावीकडे घे! तुझं डावं, माझं नाही!"

गरुडचा हात डोक्याला न विचारता डावीकडे गेला. काकाही गेले. वेग वाढला, यंत्र पुन्हा चेकाळलं.

"ब्रेक! ब्रेक मार!"

आता आवाजाच्या वेगाजवळ जाणाऱ्या विमानात असा कुणी मध्येच ब्रेक मारत नाही. कुठल्याही पुस्तकात तसं लिहिलेलं नाही. पण विमानाच्या पाठीवरच्या, हवा अडवून वेग कमी करणाऱ्या झडपा उघडायचं बटण गरुडच्या अंगठ्याखाली होतं, आणि लहानपणापासून त्या आवाजापुढे त्याचं काही चाललेलं नव्हतं. खाडकन झडपा उघडल्या. विमान हवेत अडखळल्यासारखं झालं, आणि काका सूंऽऽ करून पुढे निघून गेले! मागचा पुढे, पुढचा मागे! गरुडच्या काचेत काकांची आख्खी शेपटी!

मांडवात टाळ्यांचा कडकडाट. मंत्रीबाई उठून उभ्या राहिल्या. कर्ण्यांवर काकांचा आवाज आला, "अरे, कोण आहे ती बाई? तिला सांग, मी थांबलोय!"

इथे संपलं असतं तर गरुडची लाज निम्मी वाचली असती. पण एवढ्या उलथापालथीत इंधन खाली गेलं होतं.

"सकाळपासून पोटात काही आहे की नाही तुझ्या? चेहरा बघ कसा उतरलाय."

अख्खा मांडव हसून लोळला. बँडवाल्याच्या तोंडातून तुतारी सुटली. ताई मात्र तोंडावर पदर घेऊन बायकोला विचारत होती, "खरंच, याने खाल्लंय ना गं काही?"

वर गरुडचे कान लालबुंद झाले होते. ढब्बू! मंत्र्यांसमोर, साहेबांसमोर, आपण शिकवलेल्या पोरांसमोर! आता कधी एकदा उतरतो आणि कुठल्या बिळात लपतो, एवढंच त्याच्या डोक्यात. डोळ्यांपुढे उद्याचं हेल्मेट दिसत होतं, त्यावर रंगवलेलं टोपणनावही दिसत होतं. धावपट्टी जवळ आली. विमान खाली, आणखी खाली. मांडवातलं हसू हळूहळू थांबलं. काका ओरडले. मोठे साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

गरुड चाकं काढायला विसरला होता.

"ढब्बू, पाय खाली! खाली सोड आधी!"

कॉकपिटमध्ये गरुडने आधी आपले स्वतःचे पाय झटकन खाली ओढले. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. हात दांड्यावर गेला, चाकं धडधडत बाहेर आली, कुलूप बसलं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ती धावपट्टीला टेकली.

मागच्या रांगेत बायकोने ताईचा हात इतका घट्ट धरला होता, की बांगडी वाकली. ज्याचा पाय मोडला होता ते पोरगं कुबडी टेकत पुढे आलं आणि मोठ्या साहेबांना म्हणालं, "सर, आमच्या विमानांत हाच आवाज ठेवा. काही बदलू नका. ही बाई पडू नाही द्यायची."

मंत्रीबाईंनी डोळे टिपले, ते हसण्याने की आणखी कशाने, कळायला मार्ग नव्हता. "विमानं घ्या," त्या म्हणाल्या. "सगळी घ्या. आणि मला एक आवाज मंत्रालयात बसवून द्या."

"ठीक!" कंपनीचा इंजिनिअर म्हणाला. यावेळी त्याला अर्थही कळला असावा.

विमान मांडवापुढच्या पांढऱ्या पट्ट्यापाशी उभं करून गरुड शिडीवरून खाली उतरला. छाती बाहेर होती. बँड वाजू लागला. पोरांनी त्याला खांद्यावर घ्यायची तयारी केली. फोटोवाले धावले. गरुडने मान ठरवलेल्या बाजूला वळवली, आणि त्या बाजूने ताई येताना दिसली. गर्दी आपोआप बाजूला झाली. आता ती आपल्याला मिठी मारणार, या कल्पनेने गरुडने दोन्ही हात पसरले.

ताई त्याच्यापाशी थांबलीच नाही. ती विमानाला एक फेरी मारून आली. पुढच्या चाकाजवळ वाकली. जमिनीवरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे काय?" ती म्हणाली. "वाकडी लावलीस."

"ताई, अगं, आता मंत्रीबाई..."

"दुसऱ्याने लावायची कुठे? सरळ कर!"

लढाऊ विमानाला रिव्हर्स नसतो. म्हणून वायुदलाचं सर्वांत आधुनिक बहुउद्देशीय विमान मोठे साहेब, नुकतेच उतरलेले काका आणि हाताला लागतील तेवढे पायलट यांनी मिळून मागे ढकललं. बँड वाजतच होता. ताई पट्ट्यापाशी उभी राहून हात हलवत होती.

"येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!"