सत्त्याण्णव टक्के हरकत

माणसाने काही करायला घेतलं की त्याला कुणाची ना कुणाची हरकत असते, हे जगजाहीर आहे. पण कुणाचीच हरकत नसेल तर काय करायचं, या प्रश्नाचा विचार फार थोड्या समाजांनी केला. ज्यांनी केला, त्यांनी ना-हरकत खातं काढलं.

या खात्याचं काम एकच. दुकानाला पाटी लावायची असो, भिंतीत खिडकी पाडायची असो की गच्चीवर कबुतरं पाळायची असोत. अर्ज द्यायचा, वाट पाहायची आणि 'हरकत नाही' असा छापील दाखला घेऊन घरी जायचं. (खात्याच्या इतिहासात हरकत एकदाही घेतली गेली नव्हती. तशी तरतूदच नव्हती.)

दाखले छापण्याचं काम तळमजल्यावरच्या मेनफ्रेमकडे होतं. चार कपाटांएवढं हे यंत्र इतकं जुनं होतं, की सगळे त्याला आदराने 'थोरला' म्हणत. थोरल्याला जोडलेला प्रिंटर हातगाडीएवढा होता. तो सुरू झाला की दुसऱ्या मजल्यावरच्या कपातला चहा थरथरायचा. कागद दोन्ही कडांना भोकं असलेला, अखंड, घडीवर घडी पडत जाणारा आणि ऐसपैस रुंद. एका ओळीत एकशे बत्तीस अक्षरं मावत.

तो कागद फाडायचं काम एकतीस वर्षं एकाच बाई करत होत्या. लाकडी पट्टी ठेवायची आणि टर्रकन ओढायचं. एक दाखला कधी वाकडा फाटला नाही. खात्यात त्यांना फाडकाकू म्हणत. तोंडावर नुसतं काकू. प्रिंटरचा आवाज किंचित बदलला तरी फीत सुकली की कागद तिरका गेला, हे त्या पाठमोऱ्या सांगत.

दाखल्याचं वाक्य खात्याच्या पहिल्या साहेबांनी स्वतः रचलं होतं. कागद एवढा रुंद आहे तर मोकळा कशाला सोडायचा, असा काटकसरीचा विचार करून त्यांनी ते बरोबर एका ओळीत बसवलं होतं: 'वरील अर्जदारास वर नमूद केलेल्या ठिकाणी वर नमूद केलेले काम वर नमूद केलेल्या अटींस अधीन राहून करण्याबाबत या खात्याची कोणतीही हरकत नाही'. मोकळ्या जागा, काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, पाय मोडलेली अक्षरं असं सगळं यंत्राच्या हिशेबाने वेगवेगळं मोजलं, तर हे वाक्य नेमकं एकशे बत्तीस अक्षरांचं भरतं. पूर्णविरामाला जागा उरली नाही. साहेबांना त्याची खंत शेवटपर्यंत होती म्हणतात.

तर एके दिवशी सध्याचे मोठे साहेब दुसऱ्या एका खात्यात चहाला गेले. तिथे टेबलाटेबलावर खेळण्याएवढे प्रिंटर होते आणि त्यांतून मांजराच्या पावलांनी कागद बाहेर येत होते. साहेब परत आले ते अस्वस्थ होऊनच. दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं: थोरला नव्या जमान्याच्या जाळ्याला जोडायचा.

त्यासाठी एक जोडणीवाला आला. मितभाषी, गळ्यात ओळखपत्र, पायात न वाजणारे बूट. त्याने जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी आणली. थोरला बोलतो ती भाषा नव्या प्रिंटरांना कळत नाही आणि त्यांची थोरल्याला; मधे ही पेटी दुभाषाचं काम करणार होती. (सासू-सुनेच्या घरात हे काम नवरा करतो. निकालही साधारण तसाच लागतो.)

"ओळ रुंद आहे हो आमची," काकू म्हणाल्या. "तुमचा कागद बारका. कसं बसायचं?"

"अक्षर लहान करू, काकू. एकशे अठ्ठावीस अक्षरं आरामात बसतात."

"आणि उरलेली चार?"

"चारच उरतात," जोडणीवाला समजूत घालत म्हणाला. "म्हणजे सत्त्याण्णव टक्के मजकूर बसला. आमच्या धंद्यात नव्वदला पेढे वाटतात."

चाचणी मोठ्या साहेबांसमोर झाली. थोरल्याकडून 'चाचणी' हा शब्द पाठवला, नव्या प्रिंटरमधून 'चाचणी' असाच बाहेर आला. टाळ्या झाल्या. हातगाडीएवढ्या प्रिंटरवर चादर घातली गेली आणि काकूंची बढती होऊन त्या छपाई समन्वयक झाल्या. हिरवा दिवा लागला आहे की नाही हे बघणं, असं कामाचं स्वरूप होतं.

सोमवारी तीनशे बारा दाखले छापले गेले. यंत्राने मोजल्यास 'नाही' या शब्दात चार अक्षरं आहेत. ती दुभाषाने टाकून दिली नाहीत. तो प्रामाणिक होता. प्रत्येक दाखल्याची उरलेली चार अक्षरं त्याने सांभाळून दुसऱ्या पानावर छापली. खिडकीवरच्या कारकुनाने बघितलं, की दर दाखल्यामागे एक जवळपास कोरं पान येतंय. त्याने ती पानं बाजूच्या ट्रेमध्ये टाकली आणि पहिली पानं वाटली.

'...या खात्याची कोणतीही हरकत'.

पहिला माणूस कबुतरांचा होता. "अहो, हरकत कसली?"

कारकुनाने कागद वाचला. छापील होता, शिक्का होता, म्हणजे खरा होता. "कोणतीही," तो म्हणाला.

"कोणतीही म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही म्हणाल ती."

इथे खात्याची लोकाभिमुखता दिसते. हरकत आहे हे ठरल्यावर ती कुठली हे सरकारी मर्जीवर न सोडता अर्जदारालाच विचारण्यात आलं. दुपारपर्यंत खिडकीवर यादी लागली: आवाज, वास, धूळ, सावली, शेजारी, इतर. लोक आधी भांडले, मग वैतागले आणि शेवटी यादी वाचू लागले. बेचाळीस टक्क्यांनी 'शेजारी' निवडलं.

काकूंच्या कानावर हे आलं ते घरच्या वाटेने. त्यांच्या बहिणीची मुलगी पाळणाघर काढत होती. खोली रंगवून झाली होती, नऊ छोट्या गाद्या आल्या होत्या. नऊही मुलांच्या आया एक तारखेपासून कारखान्यात कामावर रुजू होणार होत्या. मूल ठेवायला जागा नसेल तर त्यांची जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. मंगळवारी संध्याकाळी भाची दारात उभी राहिली, तिच्या हातात दाखला होता.

"मावशी, तुझ्याच खात्याची मला हरकत?"

"भलतंच काय! आमची कुणालाच नसते."

"मग वाच हे. मी 'सावली' निवडली. त्यातल्या त्यात तीच निरुपद्रवी वाटली."

काकूंनी वाचलं आणि पुन्हा वाचलं. ओळीच्या शेवटी त्यांनी बोट ठेवलं. एकतीस वर्षं हाताखालून गेलेलं वाक्य, आणि त्याचा शेवट कुठे गेला ते त्यांना विचारावं लागत होतं. तेवढ्यात ताईचा फोन आला. "जन्मभर कागद फाडलेस," ताई म्हणाली, "आता पोरीचं नशीब फाडतेस होय गं?"

बुधवारी काकू जोडणीवाल्यासमोर उभ्या राहिल्या. त्याने ट्रेमधलं पान उचलून उजेडात धरलं. "बघा, काकू. आहे की. एक अक्षर हरवलेलं नाही."

"पण ते वेगळ्या पानावर आहे!"

"हा मांडणीचा प्रश्न झाला. माझं काम जोडणीचं."

मोठ्या साहेबांना आकडे पाठ होते. आवाज शून्य, वेग तिप्पट, मजकूर सत्त्याण्णव टक्के. "राहता राहिले तीन टक्के," ते म्हणाले, "तेवढं आपण माणसाचं समजून घ्यायला हवं, काकू."

मग काकूंनी आपल्या बुद्धीने केलं. ट्रेमधून एक 'नाही' उचललं, भाचीच्या दाखल्याला टाचलं आणि तिला दाखले तपासणाऱ्या तपासनिसाकडे धाडलं. तपासनीस नियमाचा माणूस. त्याने दोन्ही पानं उलटसुलट केली.

"हे 'नाही' कुणाचं?"

"माझंच."

"त्यावर नाव नाही तुमचं. उद्या कुणीही उठून कुणाचंही 'नाही' आणेल."

भाची हात हलवत परत आली. पण तपासनिसाची भीती खरी ठरली. खात्याचं छापील 'नाही' मिळतं आणि ते कशालाही टाचता येतं, ही बातमी रातोरात गावभर झाली. गुरुवारी खिडकीवर दाखल्यांपेक्षा 'नाही' मागणारे जास्त होते. एका विद्यार्थ्याने ते गुणपत्रिकेवरच्या 'अनुत्तीर्ण'ला जोडलं. एका आजोबांनी तपासणीच्या कागदावर 'मधुमेह'च्या पुढे लावलं आणि त्यांना त्याच दिवसापासून बरं वाटू लागलं. बायकोने लिहून दिलेल्या 'हे सगळं आजच आणायचं' या चिठ्ठीला एका गृहस्थाने ते टाचलं. (त्यांना बरं वाटल्याची नोंद मात्र नाही.) शनिवारी दुपारपर्यंत ट्रे रिकामा झाला. सहा दिवसांचे मिळून अठराशे बहात्तर दाखले झाले, पण ज्यांचं 'नाही' होतं, त्यांपैकी कुणाकडेच ते उरलं नव्हतं.

शनिवारी खातं दुपारी बंद होतं. पंखे थांबले, साहेबांची गाडी गेली. काकूंनी पदर खोचला, प्रिंटरवरची चादर काढली आणि दुभाषाची वायर उपटली. मनगटाएवढी जुनी केबल भिंतीमागून ओढून थोरल्याला लावली. मग क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. दोन वर्षांनी निवृत्ती होती. नोकरीला डाग नव्हता. पण हाताला एकतीस वर्षांची सवय होती. त्यांनी बटण दाबलं.

तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. आधी कबुतरवाला आला, मग पाटीवाले, खिडकीवाले. पाऊण तासात अठराशे बहात्तर दाखले छापून झाले, पण फाडायला दुपार गेली. काकू पट्टी ठेवत होत्या, ओढत होत्या. भाची नावं पुकारत होती. लोक आपला कागद घेऊन आधी उजवं टोक बघत आणि मगच हसत. एका म्हाताऱ्याने काकूंना वाकून नमस्कार केला. तो खिडकी पाडायला नऊ महिने थांबला होता.

सोमवारी काकू मेमोची वाट बघत बसल्या. तो आला, पण नव्या प्रिंटरवर छापून आणि त्याचीही ओळ लांबच होती. पहिल्या पानावर शेवट होता 'आपल्यावर कारवाई का करू'. दुसरं पान कुणीतरी वाया गेलेलं म्हणून ठेवून दिलं असावं. काकूंना वाटलं, साहेब सल्ला विचारतायत. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'आपली मर्जी.' त्यावर 'खुलासा समाधानकारक' असा शेरा पडला, कारण मधल्या काळात वरून पत्र आलं होतं: साचलेले सर्व दाखले एका दिवसात निकाली काढल्याबद्दल जोडणी प्रकल्पाचं अभिनंदन. जोडणीवाल्याला आणखी तीन खाती मिळाली. थोरला जुन्या केबलवरच राहिला; दुभाषाचा हिरवा दिवा पाहुण्यांसाठी चालू ठेवला जातो.

पाळणाघर एक तारखेला सुरू झालं. नवव्या मुलाची आई कामावर वेळेत पोचली. संध्याकाळी भाची काकूंसाठी चहा घेऊन आली आणि पाय पसरत सहज म्हणाली, "मावशी, पण एका खोलीत मुलं सांभाळायला हा दाखला लागतोच कशाला?"

हे काकूंना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनीही कुणाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. पाळणाघराचा नियम चौदा वर्षांपूर्वीच रद्द झाला होता. कबुतरांचाही, पाटीचाही, खिडकीचाही. अठराशे बहात्तरांपैकी सोळाशे साठ जणांना दाखल्याची गरजच नव्हती. पुढच्या सकाळी लवकर येऊन काकूंनी स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरांत, फळ्यावर लिहिलं: 'खालील कामांना दाखला लागत नाही.' खाली पूर्ण यादी दिली आणि फळा दारातच टेकवला.

लोक आले. फळ्यासमोर थांबले, ओळ न ओळ वाचली, माना डोलावल्या आणि आत येऊन रांगेत उभे राहिले.

"अहो, फळा वाचलात ना?" काकूंनी पहिल्याच गृहस्थाला विचारलं.

"वाचला की. छान सोय केलीत."

"मग?"

"मग तेवढं लेखी द्या. दाखला लागत नाही, म्हणून."

महिनाभरात त्यासाठी खिडकी क्रमांक दोन उघडण्यात आली. तिची रांग पहिलीपेक्षा लांब असते, जिन्यावरून खाली उतरून ती रस्त्यापर्यंत येते. त्या रांगेत उभे असलेले लोकही असंच काहीतरी वाचत असतात आणि खात्याच्या मूर्खपणाला मनापासून हसतात. तुमचं हसून झालं असेल तर जरा पुढे सरका, मागचे खोळंबलेत.