अंगठा आणि चार किलो झुकिनी

कुणाला गाता येतं, कुणाला गणित येतं. मला उडी मारता येते! म्हणजे मला नाही हो, माझ्या उजव्या अंगठ्याला. अख्ख्या अलेक्झांड्रियात असा अंगठा नव्हता!

दोन वर्षांपूर्वीची ती सुट्टी. आमच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर रऊफसाहेबांनी दोन खोल्यांत व्हिडिओ गेम बनवायचा कारखाना थाटला होता. त्यांच्या गेममध्ये एक म्हातारा रताळेवाला आपली धुरकट गाडी घेऊन पळायचा, मागे नगरपालिकेचा ट्रक! माझी नोकरी काय? ती गाडी प्रत्येक भिंतीवरून शंभर वेळा उडवायची आणि कुठे अडकते ते वहीत लिहायचं. दिवसभर खेळायचं आणि वर पगार!

बाबा बंदरावर कस्टममध्ये. संशय घेण्याचाच त्यांना पगार मिळतो.

"खेळणं हे काम असतं का, इंजी?"

"असतं, बाबा! खूप दमायला होतं!"

"मग ऐक. त्या गेमपायी एकदा जरी 'आई गं' ऐकू आलं, तर नोकरी बंद."

"खुर्चीत बसून मला काय होणार आहे?"

तिसऱ्या आठवड्यात अंगठा फुगून बदाम भरलेल्या खजुरासारखा झाला! नळ उघडेना, बॅगेची चेन लागेना. त्यात सातव्या टप्प्यातली भिंत काही केल्या ओलांडता येईना. रोज दोनशे उड्या, आणि गाडी दोनशे वेळा भिंतीत!

एका दुपारी जेवताना हातातला चमचा सुटला आणि मुलूखियाचं हिरवंगार सूप थेट बाबांच्या शर्टावर.

"हाताला काय झालं गं?" आईने विचारलं.

बाबांची मान वर यायच्या आत मी बोलून गेले, "झुकिनी कोरली! वर, रऊफसाहेबांच्या आईला भात भरलेली महशी करायला मदत म्हणून!"

जन्मात मी झुकिनीला हात लावला नव्हता. आईच्या एका डोळ्यात कौतुक, दुसऱ्यात संताप.

"परक्यांच्या महशीसाठी हात सुजेपर्यंत झुकिनी कोरतेस? आणि घरात साधा कांदा सोलत नाहीस?"

तिने लगेच तहानीआत्याला फोन लावला. आत्या म्हणजे महशीतली सेनापती! आमच्याकडे बाई पारखतात ती तिच्या महशीवरून, आणि आत्याचं सगळं खानदान पारखून झालेलं. शुक्रवारी ती चार किलो झुकिनी घेऊन हजर.

"ये गं माझे राणी! बघू दे हात कसा चालतो!"

तिने माझ्या हातात कोरणी दिली. मी डोळे मिटले, कोरणी खुपसली. झुकिनी फाटली, अंगठ्यातून कळ थेट कानात गेली, आणि मी किंचाळले, "आई गं!"

बाबांचं वर्तमानपत्र खाली आलं. संपलं! गेली नोकरी!

आत्याने माझा हात ओढून चष्म्यापाशी धरला. "हा झुकिनीचा हात नाही. कोरणीने तळवा सोलवटतो. अंगठ्याच्या टोकाला असा घट्टा मी आयुष्यात एकाच माणसाचा पाहिलाय." मग मान वळवली. "काय रे शौक्या?"

वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं.

"तेरा वर्षांचा होता तुझा बाप! रोज शाळा सुटली की समुद्राजवळच्या त्या खेळांच्या यंत्रांवर. आईला सांगायचा, मामाच्या दुकानात शिंपले उघडून उघडून अंगठा दुखतो. ती बिचारी रडायची आणि सगळ्यात मोठा मासा याच्या ताटात वाढायची! मला शेपटी!"

"ताई, पोरीसमोर काय..." बाबांचा आवाज वर्तमानपत्रामागून आला. मग ते हळूहळू खाली आलं. असे बाबा मी पाहिलेच नव्हते. "नवीन यंत्र आलं ना, की मालक आधी मलाच बोलवायचा. 'शौकत, बघ रे, कुठे अडकतं.' बाहेर लाटा, आत ते टुंग टुंग..." ते बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. "तुझी गाडी कुठे अडकते?"

"सातव्या टप्प्यात, बाबा. पण माझी नोकरी?"

कस्टमवाल्याने घसा खाकरला. "तू ओरडलीस ते झुकिनीपायी. आपलं ठरलं होतं गेमपायी."

दुसऱ्या दिवशी बाबा टाय लावून पाचव्या मजल्यावर आले. "फक्त तपासणीला!" तीन तास उठले नाहीत. शेवटी अख्ख्या अंगानिशी अशी उडी मारली, की गाडी भिंतीपलीकडे आणि बाबा खुर्चीपलीकडे!

"आई गं!"

"बाबा! ठरलं होतं ना, एकदा जरी..."

"मी कुठे नोकरीला आहे?" ते जमिनीवरूनच म्हणाले, आणि लहान मुलासारखे हसत सुटले.

रऊफसाहेब आता कैरोला गेले. पाचव्या मजल्यावर दाताच्या डॉक्टरांची पाटी लागलीय. जिन्यात उगाच थांबले की मला अजून गाडीची चाकं ऐकू येतात. बाबाही तिथे थांबतात, पण बूट बांधायचं निमित्त करून.

आणि हो, त्या पडण्यानंतर मनगटाला पट्टी बांधून ऑफिसला गेल्यावर साहेबांनी विचारलं, तर बाबांनी शांतपणे सांगितलं, "झुकिनी कोरताना लागलं."

ते आईपर्यंत पोहोचलं. तेव्हापासून दर शुक्रवारी आम्ही दोघं चार किलो कोरतो. तळवे सोलवटलेत हो! आत्याचं बरोबर होतं.