मयताला उठायची परवानगी नाही

मरण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या बेळगाव तालुक्यात सापडायचा नाही! हसू नका. लोक आयुष्यात एकदाच मरतात आणि तेही त्यांना धड जमत नाही. कुणी खोकतंय, कुणी कण्हतंय, कुणी शेवटच्या घटकेला सुनेचं गाऱ्हाणं सांगतंय! मी मात्र छातीवर लाल दिवा लागला रे लागला, की असा धाडकन पडतो, की बघणाऱ्यानं आधी डोक्यावरची टोपी काढावी आणि मगच चौकशी करावी.

तर सांगतो. मी नागराज, वडगावचा विणकर. आमचे साड्यांचे यंत्रमाग. हल्ली माग चार दिवस चालतो आणि पुढचे चार दिवस तो माझ्याकडे आणि मी त्याच्याकडे बघत बसतो. अशात एका खासगी कंपनीला माणसं हवी होती. ही कंपनी सैनिकांच्या सरावासाठी खोट्या बंदुका बनवते. दिसायला खरी, वजनाला खरी, आवाजही तसाच. फक्त गोळीच्या जागी लेसरचा किरण सुटतो. आणि अंगात घालायला एक जाकीट. त्यावर बटणांसारखे बारीक डोळे बसवलेले. किरण एखाद्या डोळ्यावर पडला, की जाकीट कुईईई करून बोंबलतं, छातीवर लाल दिवा लागतो आणि तुम्ही मेलात! तुमच्याबरोबर तुमची बंदूकही मरते.

मग पंच येईपर्यंत तसंच पडून राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. पंचाजवळ किल्ली असते, ती जाकिटात फिरवली की माणूस जिवंत. तंबूत संगणकाच्या पडद्यावर कोण मेलं, कोण जगलं सगळं दिसतं. मेलेला उठून बसला तर तेही दिसतं आणि त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाहीत. कंपनी मोठमोठ्या साहेबांना बोलावून हे सामान दाखवायची. जवान हल्ला करायचे आणि शत्रू म्हणून आम्ही मरायचो.

आमचा पंच म्हणजे खानापूरकडचा भावकू. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. नियमाला इतका पक्का, की स्वतःच्या लग्नात भटजी "सावधान" म्हणाले तेव्हा यानं पाटावरच टाच आपटली होती म्हणतात!

आता आण्णाचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ मल्लाप्पा. आमची घरं एकाच भिंतीला लागून. पोरपणी माझ्या हातात मागाचा पहिला धोटा त्यानंच दिला. पण माझ्या मुलीच्या, सौम्याच्या लग्नात घात झाला. मानाचा पहिला फेटा थोरल्या चुलत्याचा. गर्दीत फेटेवाल्याला आण्णा कोण ते कळलं नाही आणि त्यानं पहिला फेटा बांधला बँडवाल्यांच्या म्होरक्याला! आण्णा भर मांडवातून बोडक्या डोक्यानं उठून गेला. जेवलासुद्धा नाही.

तेव्हापासून अबोला. मी समजूत काढायला किती वेळा गेलो! मी उंबऱ्यात दिसलो की तो माग चालू करायचा. त्या खडखडाटात कुणाचं काय ऐकू येणार? एकदा तर वीज गेलेली असताना गेलो, तर गडी बंद मागापुढे, जणू तो चालूच आहे अशा थाटात, कानावर हात ठेवून बसला!

हसण्यावारी नेतो, पण ऐका. भिंतीपलीकडे त्याचा खोकला ऐकू येई. थंडीत खोकला वाढला की माझीच झोप उडे. काढा करून द्यावा म्हटलं, तर देणार कुणाच्या हातात? मला जन्मात आता फार काही नको होतं. आण्णानं एकदा "नाग्या" म्हणून हाक मारावी, बस्स, एवढंच.

त्या दिवशी सांबरा गावाच्या पुढे एका माळावर आमची लढाई होती. तंबूत साहेब लोक दुर्बिणी लावून बसलेले. मी एका दगडाआड दबा धरला. झुडपातून एक जवान सरपटत आला आणि कुईईई! मी छाती धरली, अर्धा गोल फिरलो आणि पाणंदीच्या कडेला असा पडलो, की तंबूत टाळ्या झाल्या म्हणे!

लढाई पुढे सरकली. भावकूला साहेबांनी पलीकडच्या टेकडीवर बोलावून घेतलं, त्याच्याबरोबर किल्लीही गेली. मी पडून. वर ऊन, खाली मुंग्या. मुंग्यांना काही नियम नसतात.

एवढ्यात पाणंदीनं कुणीतरी आलं आणि ओळखीचा आवाज कानावर पडला.

"आगं बया! ह्यो आमचा नागराज न्हवं का?"

आमच्या गल्लीतली सोनाबाई! लेकीच्या गावाला आली होती. मी डोळा उघडून खूण करणार, तोच पडद्यासमोर बसलेला साहेब आठवला आणि डोळा घट्ट मिटून घेतला. माळाभोवती बांधलेल्या दोरीपाशी कंपनीचा पहारेकरी उभा होता. तो उत्तरेकडचा, त्याला मराठीही येईना आणि कन्नडही. सोनाबाईनं आपली हिंदी बाहेर काढली.

"ये आदमी को क्या हुवा रे बाबा?"

"मर गया, अम्मा।"

"मर गया? कैसा?"

"गोली लगी। सीने में।"

"आयायायाय! कब?"

"घंटा भर हुआ होगा। हाथ मत लगाना।"

"अरे, फिर दवाखाने क्यूं नहीं ले गया मुडद्या?"

"साहब लोग देख रहे हैं, अम्मा। उनका देखना हो जाए, फिर उठाएँगे।"

बघा, बिचारा एक शब्द खोटं बोलला नाही! सोनाबाईनं तिथंच उभ्या उभ्या वडगावला फोन लावला आणि अशी किंकाळी फोडली, की फोन नसता तरी पोचली असती.

माझी बायको जयाबाई माहेरी संकेश्वरला गेलेली. तिचा फोन पिशवीत आणि पिशवी खुंटीला. म्हणून बातमी गेली शेजारच्या घरात, आण्णाकडे.

आमच्याकडे भाऊबंदकीचा रिवाज आहे. वैर असलं तर लग्नाला जायचं नाही, बारशाला जायचं नाही. पण मातीला जायचंच. मढ्याशी वैर धरायचं नाही. आणि आमच्या घराण्यात मयतावर विकतचं कापड घालत नाहीत, घरच्या मागावरचं घालतात.

वहिनीनं, अक्काताईनं, मागाहून सांगितलं. बातमी ऐकून आण्णा उठला. त्यानं माग बंद केला. मागावर हिरवी साडी अर्धी झालेली होती. तापानं फणफणला तरी अर्धी साडी सोडून न उठणारा माणूस तो! त्यानं कात्री घेतली आणि ती तशीच मधे कापली. वहिनी म्हणाली, "आवं, अर्धी हाय की!" तर तो म्हणाला, "त्यो तरी कुठं पुरा जगलाय?"

गल्लीतले सगळे माग थांबले. कुणी बांबू आणले, कुणी मडकं आणलं, आणि टेंपो भरून मंडळी निघाली.

मला यातलं काहीच ठाऊक नाही. मी मुंग्यांशी झुंजतोय. अचानक गलका झाला. पहारेकरी ओरडत होता, "अंदर जाना मना है!" आणि त्याच्यावर दुसरा आवाज चढला.

"सोड मला! माझा भाऊ हाय त्यो!"

मी खरोखर गार पडलो. हा आवाज मी भिंतीतून ऐकत आलो होतो. पण "माझा भाऊ" हे शब्द त्यात किती दिवसांनी आले!

पुढे काय झालं ते तंबूतल्या कंपनीच्या पोरांनी नंतर सगळ्यांना रंगवून सांगितलं. रणांगणात जवान सरपटताहेत आणि मधूनच वडगावची मंडळी बांबू, मडकं घेऊन रडत चाललीत! मोठ्या साहेबांनी दुर्बीण खाली घेतली. "हे काय? हाही सरावाचा भाग आहे?" कंपनीच्या मॅनेजरला दरदरून घाम फुटला, पण तो विक्रीतला माणूस! म्हणाला, "येस सर! लढाईचा सामान्य नागरिकांवर होणारा परिणाम!" साहेब म्हणाले, "व्हेरी रिअलिस्टिक."

इकडे आण्णानं माझं डोकं उचलून मांडीवर घेतलं. त्याच्या धोतराला मागाच्या तेलाचा वास येत होता. लहानपणी याच वासात झोपायचो मी.

"नाग्या," तो म्हणाला. "नाग्या, उठ की रं लेकरा."

माझ्या छातीत जे काही हललं, ते पडद्यावर कसं दिसलं नाही देव जाणे.

"फेट्याचं काय घिऊन बसलो रं मी? वावभर कापूड त्ये! आरं, कापूड तर आपुन रोज इणतोय. लई येळा वाटलं, उठावं आन् तुझ्याकडं यावं. तुझी चाहूल लागली की माग चालू करायचो. का ठावं हाय? रडू ऐकू यायचं तुला. तू धाकला. तू आदी जायचं व्हय रं? ही कुठली रीत?"

त्यानं अर्धी साडी घाईत माझ्यावर आडवीच पसरली. गुडघ्यापर्यंतच पुरली. तो ती सारखी खाली ओढायचा, मग छाती उघडी पडायची. मग वर ओढायचा. शेवटी त्यानं आपल्या खांद्यावरचा पंचा माझ्या पायांवर घातला.

माझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी निघून कानात जात होतं. मेलेल्यानं रडू नये असं भावकूनं कधी सांगितलं नव्हतं. आण्णानं बोटानं माझ्या तोंडात पाण्याचे थेंब सोडले. मी ते गिळले! रडण्याच्या नादात त्याला कळलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग उठलास का नाहीस? खरं सांगतो, नियमाची मला तेव्हा आठवणही नव्हती. मी उठलो की आण्णा थांबणार, एवढंच कळत होतं. उपाशी माणसापुढे ताट आलं तर तो आधी बोलेल की खाईल?

तेवढ्यात बुटांचा आवाज आला. भावकू! धापा टाकत आला, जाकिटावर वाकला. मी ओठ न हलवता पुटपुटलो, "भावकू, तुझ्या पाया पडतो. जरा थांब रं."

"मयतानं बोलायचं न्हाई!" तो खेकसला आणि त्यानं किल्ली फिरवली.

लाल दिवा गेला, हिरवा लागला, जाकिटानं आनंदानं टुणटुण केलं आणि मी जिवंत झालो! मडकेवाल्यानं मडकं टाकलं. बांबूवाले बांबूसकट पळाले. सोनाबाईनं "भूत!" म्हणून पहारेकऱ्यालाच मिठी मारली.

आण्णा पळाला नाही. माझं डोकं त्याच्या मांडीवर तसंच होतं. मी डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. त्याचा तळवा माझ्या गालावर होता. एक क्षण त्याच्या तोंडावर असा आनंद आला, की तसा मी सौम्या जन्मली तेव्हाच पाहिला होता. मग त्यानं जाकिटावरचा हिरवा दिवा बघितला, भावकूच्या हातातली किल्ली बघितली, तंबूतले साहेब बघितले. त्याला सगळं उमगलं. भर माळावर, गल्लीदेखत, तो एका धडधाकट माणसासाठी धाय मोकलून रडला होता.

त्यानं माझं डोकं हळूच जमिनीवर ठेवलं. पंचा घेतला, तोंड पुसलं. साडी काठाला काठ लावून घडी घातली, काखेत मारली आणि उठला.

"सोनाबाई," तो म्हणाला, "त्याला सांग, उन्हात पडत जाऊ नगं म्हणावं. ल्हानपणापास्नं पित्त हाय त्याला."

मी हाताच्या अंतरावर! सोनाबाई मधे उभी राहून मला सांगते, "नागराज, आण्णा म्हणत्यात, उन्हात पडू नगंस."

"आण्णा!" मी ओरडलो. "आण्णा, थांब की रं!"

तो टेंपोत चढला आणि पाठ करून बसला.

मॅनेजर मात्र खूश. "पुढच्या वेळी भावाला घेऊनच या," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गल्लीतले सगळे माग सुरू झाले, आण्णाचा सोडून. मधेच कापलेल्या मागाचा तार न् तार पुन्हा जोडायचा असतो. तो आणि वहिनी भिंतीपलीकडे गाठी मारत बसले असणार. त्या कामाचा आवाज येत नाही. खोकला तेवढा येत होता.

दुपारी जयाबाई संकेश्वरहून आली. गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत येता येता तिला सगळी कथा कळली होती. पिशवी टाकून ती माझ्याशेजारी बसली.

"भावजी लई रडलं म्हणं."

"व्हय."

"फेट्याचं चुकलं म्हणालं?"

"म्हणाला."

"नाग्या म्हणून हाक मारली?"

"दोनदा."

तिनं पदरानं डोळे पुसले. "आवं, मग येवढं सगळं बोललं त्ये, तवा तुमी काय म्हणलासा?"

"मी काय म्हणणार गं?" मी म्हटलं. "मी मेलतो की!"