सात दहाचं नेकनूर

आमच्या शेजारच्या घरात रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नेकनूर जेवतं. पाटोदा सात बाराला. केज खादाड, म्हणून त्याला सगळ्यांत शेवटी, सात पंधराला. धारूर मुक्काम कुणी वाढायची वाटच बघत नाही. तो काचेला तोंड लावून शेवाळ चाटत बसतो आणि दिवसभरात वीतभरसुद्धा सरकत नाही.

हे सगळे मासे आहेत, नावं तेवढी एसटीच्या गाड्यांची. त्यांचे मालक अंबादास जोगदंड, म्हणजे आमच्या गल्लीचे कंट्रोलर काका. बीडच्या बसस्टँडवर त्यांनी उभी नोकरी माइकसमोर काढली. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येणार आणि कोणती येणारच नाही, हे साऱ्या जिल्ह्याला त्यांच्या तोंडून कळायचं. रिटायर झाले तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला. माइक तेवढा तिथंच राहिला. मग काका गल्लीवर ड्यूटी करायला लागले. दूधवाल्याची वेळ बघायची, पेपरवाल्याला झापायचं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला आहे. माझी स्कूटी जरा उशिरा निघाली की ओट्यावरून आवाज यायचा, "पोरी, आज चार मिनटं लेट." आमच्या साहेबांनीही मला कधी इतकं धारेवर धरलं नाही.

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी त्यांनी माळ्यावरची जुनी काचेची टाकी खाली काढली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. त्या टाकीत तीस वर्षं कांदे-लसूण राहत होते. काकांनी ती आठवडाभर घासली, सांधे भरून घेतले, बुडबुडे सोडणारा पंप आणला आणि तरुणपणी सुटलेला नाद पुन्हा धरला. म्हातारपणी हौस उपटली, असं गल्ली म्हणाली. काकांचं म्हणणं वेगळं होतं. "उभ्या नोकरीत एक गाडी येळेवर सुटली न्हाई. मासे येळेवर येतात. येळ म्हंजी येळ."

टाकीतल्या गप्पी माशांना पिल्लं झाली तेव्हा काका ओट्यावर येऊन सांगत सुटले की नारायणगडच्या जत्रेच्या जादा गाड्या सुटल्यात. पाटोदा एकदा सुस्तावलं, तर त्याला लोणच्याच्या बरणीत वेगळं ठेवलं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "ब्रेकडाऊन हाय. डेपोत लावलंय." तीन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

पण काकांची खरी लढाई होती पाण्याशी. आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतात. 'नळ आले!' अशी आरोळी उठली की गल्लीतल्या बायका आधी काय करतात, तर घरातलं उरलेलं पाणी ओतून देतात. ते शिळं! घागरी, हंडे, पिंप घासून लख्ख करायचे आणि ताजं पाणी भरायचं. उन्हाळ्यात पाण्याचा ठणठणाट असतो, तरी ही रीत मोडत नाही. मीही तेच करते, सासूबाईंनी लावलेली सवय आहे. आता माशांचं नेमकं उलटं. नळाच्या ताज्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, तिनं मासे मरतात. त्यांना दोन-तीन दिवस उघडं राहिलेलं शिळंच पाणी लागतं. म्हणून नळ आले की काका बादली घेऊन दारोदार फिरायचे. "शिळं हाय का?" कोपऱ्यावर नव्यानं राहायला आलेल्या बाईंनी त्यांना शिळी भाकरी आणि ठेचा वाढला. काकांनी ते तिथंच बसून खाल्लं, आणि मग पाणीही मागून घेतलं.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. काकू त्या टाकीकडे ढुंकूनही बघत नसत. भाजी निवडायला बसल्या तरी टाकीकडे पाठ करून. तसा त्यांचा जीव सगळ्यांवर. माझी लेक मी नोकरीवर असताना त्यांच्याच मांडीवर वाढली. त्यांच्या अंगणातला कढीपत्ता अख्ख्या गल्लीच्या फोडणीला पुरतो. मग त्या मुक्या माशांनी यांचं काय घोडं मारलं होतं?

एकदा अंबाडी निवडता निवडता मी विचारलंच. काकूंनी खाली मान घालून सांगितलं. लग्नानंतर तीन-चार वर्षांची गोष्ट. काकांनी हौसेनं चार सोनेरी मासे आणलेले. काका नारायणगडच्या जत्रेला दोन दिवस ड्यूटीवर गेले आणि इकडे नळ आले. काकूंना वाटलं, बिचारे किती दिवस शिळ्या पाण्यात राहतायत. त्यांनी टाकी राखेनं घासली, ताजं पाणी काठोकाठ भरलं, मासे सोडले. संध्याकाळपर्यंत चारही उलटे तरंगत होते. काका आले, त्यांनी बघितलं आणि बोलून गेले.

"काय म्हणाले?"

"म्हनले, तुझ्या हाताखाली काय बी जगत न्हाई." काकूंनी अंबाडीचा एक देठ मोडला. "त्याच्या आदल्या वरसीच आमचं लेकरू गेलतं. सव्वा महिन्याचं."

पुढे त्यांना मूल झालं नाही, हे मला माहीत होतं. काकू एवढंच म्हणाल्या की हा माणूस माइकवर दिवसातून पन्नास वेळा दिलगीर असायचा, घरात एकदाही झाला नाही. आणि त्यांनी दुसरी जुडी घेतली.

माझं डोकं भडकलं. काका ओट्यावर भेटताच मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. असं बोललात ते बोललात, आणि वर आता पुन्हा मासेच तिच्या डोळ्यांपुढे आणून ठेवलेत? काका हातातल्या घड्याळाची चावी पिळायला लागले. "तिच्यासाठीच आनलेत. तिनं एकदा तरी आपल्या हातानं त्यात तांब्याभर पानी घालावं. अन् मासे जगावेत. तिला दिसावं." मग साधी माफी का मागत नाही, असं मी विचारलं. "गेलतो चार-पाच डाव म्हनायला. तोंडच उघडत न्हाई, पोरी. माइक असता तर म्हनलो असतो."

मला हसू येत होतं आणि रडूही.

मे महिन्यात काका पुतण्याच्या लग्नाला आष्टीला गेले. काकूंचे गुडघे धरले होते, त्या घरीच राहिल्या. त्याच दिवशी सकाळी नळ आले आणि दहा वाजता लाइट गेली. रविवार होता, मी घरी होते. दुपारी काकू आमच्या दारात उभ्या. "जरा चल. ते वर येऊन तोंड उघडायलेत."

मी धावले. पंप बंद, टाकीतलं पाणी कोमट झालेलं. नेकनूर, पाटोदा, केज, सगळे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. मी काकांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. काका म्हणाले, "चार-सहा तांबे पानी काढा अन् शिळं गार पानी घाला, उंचावरनं, धार धरून. ताजं न्हाई हं, ताजं न्हाई."

शिळं पाणी आणणार कुठून? माझं मी सकाळीच ओतून दिलं होतं, गल्लीनंही दिलं होतं. मी कपाळावर हात मारला. काकू स्वयंपाकघरात गेल्या. कोपऱ्यात ओट्याखाली एक स्टीलची घागर होती, तोंडाला पातळ फडकं बांधलेली. आतलं पाणी मागच्या वेळी नळ आले तेव्हाचं होतं.

"मासे आनले तवापासून एक घागर ठेवते," त्या म्हणाल्या. "शिळं हाय, पन राहू दे म्हनलं. लागलं तर."

दोन वर्षं! काका दारोदार बादली घेऊन फिरत होते आणि त्यांच्याच घरात ओट्याखाली भरलेली घागर होती. ना यांनी विचारलं, ना त्यांनी सांगितलं.

काकूंनी तांब्या माझ्यापुढे धरला. फोनमधून काकांचा आवाज आला, "पोरी, तू न्हाई. तिला घालू दे." मागं लग्नाचा बँड वाजत होता, तरी ते स्वच्छ ऐकू आलं. काकूंनी तांब्या मागं घेतला. "मेले तर?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "माझी लेक जगली की तुमच्या हाताखाली."

त्यांनी आधी टाकीतलं सहा तांबे पाणी काढलं. घागरीतला पहिला तांब्या ओतला तेव्हा अर्धं पाणी बाहेर सांडलं. दुसऱ्याला कमी. पाचव्या-सहाव्या तांब्याला केज खाली गेला, मग पाटोदा. लाइट येईपर्यंत काकू टाकीतलंच पाणी तांब्यानं काढून उंचावरून सोडत राहिल्या. दुखरे गुडघे घेऊन तासभर उभ्या होत्या आणि मला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आले. पिशवी दारात टाकून त्यांनी बोटानं एकेक मासा मोजला. सगळे हजर. काकूंकडे डोकावून मी घरी निघाले होते, पण पाय उंबऱ्यात अडकला. काकू टाकीकडे पाठ करूनच बसल्या होत्या. काकांनी माशांकडे तोंड केलं, घसा खाकरला आणि रिटायर झाल्यापासून गल्लीनं न ऐकलेला तो स्टँडचा आवाज काढला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. गाडीला तीस वर्षं उशीर झाला आहे." पुढचं वाक्य त्यांनी नोकरीत हजारो वेळा म्हटलं असेल, पण आज ते तीनदा अडलं. "त्याबद्दल… दिलगीर हाय मी."

काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "लागली ना गाडी? मग हातपाय धुवा अन् जेवायला बसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेकनूर सात एकोणीसला जेवलं. खाणं काकू घालत होत्या, आणि आधी प्रत्येकाचं नाव विचारून घेत होत्या. काका शेजारी उभे राहून सांगत होते. हातातल्या घड्याळाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.